शेतातली पक्षीनोंद : पेटीत घुबडं बसली, आणि बांधावरचं बाकी काही

नमस्कार मंडळी, बरेच दिवस अपडेट टाकायचा राहून गेला, हरभऱ्याचं पाणी झालं मग काढणी आली आणि काढणीत कोणाला मोबाईल हातात धरायला होतंय. तर मोठी बातमी आधी सांगतो, जुन्या शेडमध्ये टांगलेल्या पेटीत गव्हाणी घुबडाची जोडी बसलीय आणि आत पिल्लं आहेत. पेटी उघडून बघितलेली नाही आणि बघणारही नाही, आवाजावरून कळलंय. अंधार पडला की आतून फुस्स्स करून लांब घोरल्यासारखा आवाज येतो, एक थांबलं की दुसरं सुरू करतं. गव्हाणी घुबड घूघू करत नाही हे माहीत असेलच, मोठं झालेलं चिरकतं आणि पिल्लं अशी फुसफुसतात. धाकटा पहिल्या रात्री म्हणाला शेडमध्ये साप आहे, आबा खाटेवरूनच म्हणाले, "साप एवढा वेळ फुसफुसत बसत नाही रे, भूक लागलेली पोरं आहेत ती."

नवीन आलेल्यांसाठी पेटीचं परत एकदा. १२ एमएमचा प्लायवूड, रुंदी दोन फूट, उंची अडीच फूट, वरच्या बाजूला साधारण १५ सेंटीमीटरचं तोंड. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोंड आणि तळ यातलं अंतर, ते दीड फुटापेक्षा कमी नको, कारण पिल्लं मोठी झाली की तोंडाशी गर्दी करतात आणि पेटी उथळ असली की उडायच्या आधीच खाली पडतात. तळाला बारीक भोकं, वर हवा खेळायला फट, आत काही अंथरायचं नाही. घुबड काड्या आणून घरटं बांधत नाही, स्वतःच टाकलेल्या उलटीच्या गोळ्यांचा भुगा होतो त्यावरच अंडी घालतं. पेटी पत्र्याखाली टांगू नका, उन्हाळ्यात भट्टी होते. आमची जुनी शेड कौलारू आहे, कडबा ठेवायची, तिच्या वाशाला आतून बांधलीय आणि तोंड पूर्वेला म्हणजे दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही चुकतं. आधी साळुंक्या येऊन बघून गेल्या, खारीनं काड्या भरल्या, त्या तशाच राहू दिल्या. मग एका सकाळी खालच्या जमिनीवर पांढरे ओघळ आणि काळा चकचकीत गोळा दिसला तेव्हा मंडळी (म्हणजे आमची सौ.) पळत सांगायला आली.

आता या गोळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण घरात सगळ्यात जास्त मजा त्याचीच आलीय. घुबड उंदीर अख्खा गिळतं, मांस पचतं आणि हाडं-केस पोटात गोळा होऊन तोंडावाटे बाहेर पडतात. रविवारी पोरीनं ते गोळे कोमट पाण्यात भिजवले, हातमोजे घातले आणि चिमट्यानं एकेक केस बाजूला करत बसली, बाजूला माझी आई डोळ्यांवर चष्मा चढवून. कवटी निघाली अख्खी. खालचा जबडा वेगळा काढला तर पुढचा दात नारिंगी, पोरगी म्हणाली पप्पा हा गंजलाय का, आणि गंमत म्हणजे ती फार लांब नव्हती, त्या रंगामागं लोहच असतं, उंदराच्या दाताच्या पुढच्या बाजूच्या कडक थरात लोह असल्यानं तो नारिंगी दिसतो. मागची बाजू मऊ असते, ती लवकर झिजते, म्हणून दाताला कायम धार राहते. दात चिमट्यानं ओढला तर येतच राहिला, जेवढा बाहेर दिसत होता त्याच्या कितीतरी पट जबड्याच्या आत वाकून बसलेला. हा दात आयुष्यभर वाढतच राहतो, म्हणून तर उंदीर खायचं नसलं तरी काहीबाही कुरतडत सुटतो, ठिबकच्या नळ्यासुद्धा.

ओळखायचं कसं तर सोपं आहे. पुढच्या दातामागं मोकळी जागा आणि मग प्रत्येक बाजूला ३ दाढा, हा उंदीर किंवा घूस. आणि मधे मोकळी जागाच नाही, सगळे दात टोकदार पांढरे ओळीनं, ती चिचुंद्री. आमच्याकडं निघालेल्यात उंदीरच जास्त, चिचुंद्री अधूनमधून. पोरीनं जबडे धुवून वाळवून जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेत, खाली तारीख. ती वही सौ. सांभाळते, रात्री भाकरी झाल्या की दिवसभरात कोणी काय बघितलं ते सगळ्यांनी सांगायचं आणि तिनं लिहायचं, आईचंसुद्धा लिहिलं जातं, तिला नावं वेगळी माहीत आहेत पण पक्षी अचूक.

घुबड शिकार करताना बघायचं असलं तर रात्रीच्या पाण्यासारखी जागा नाही. लाईट रात्रीची असली की बारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, जावंच लागतं, पूर्वी त्या रात्री नुसत्या जांभया देत काढायचो आता वाट बघतो त्यांची. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावलाय आणि तोही पाण्यापुरताच, घुबडावर मारायचा नाही. बांधावर आठ-दहा फुटी बांबूला आडवी काठी बांधून टी आकाराचे उंच थांबे उभे केलेत, त्यावर येऊन बसतं. मान वळवत ऐकत राहतं, मग एकदम खाली. पंखांचा आवाज म्हणाल तर शून्य, मी दहा पावलांवर उभा होतो आणि फक्त चांदण्यात पांढरं काहीतरी सरकलेलं दिसलं. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असतो, त्यामुळं आवाज आडवा कुठून आला आणि वर-खाली कुठून आला दोन्ही कळतं. रॉजर पेन म्हणून शास्त्रज्ञ होते, पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे जगभर माहीत झाले, त्यांनी सुरुवातीला याच घुबडावर काम केलं होतं आणि मिट्ट अंधारात नुसत्या खसफशीवर ते उंदीर पकडतं हे दाखवून दिलं होतं. थांब्याखाली एक पीस सापडलं, पंखाच्या पुढच्या कडेचं. कडेला हात लावला तर बारीक फणीचे दात लागतात, आणि वरचा भाग मखमली. शेजारी कोंबडीचं पीस ठेवून हवेत जोरात फिरवून बघा, एकाचा आवाज येतो, एकाचा येत नाही. पोरांनी दुपारभर तेच केलं.

उंदीर कमी झाले का, हा प्रश्न विचारणार तुम्ही. आमची मोजायची पद्धत जुनीच आहे, संध्याकाळी बांधावरची बिळं चिखलानं बुजवायची आणि सकाळी उकरलेली मोजायची, म्हणजे चालू बिळं किती ते कळतं. शेडच्या बाजूच्या बांधावर यंदा उकरलेली कमी दिसली. पण एका हंगामावरून घुबडानं केलं असं मी म्हणणार नाही, पाऊसमान, शेजारचं पीक, सगळ्याचा परिणाम असतो. मलेशियात पामच्या मळ्यांत आणि इस्रायलमध्ये शेतात १९८० च्या दशकापासून पेट्या लावतायत, तिथं शेकड्यांनी पेट्या आहेत, आपल्या एका पेटीवर तसा दावा करायचा नाही. एक मात्र ठामपणे सांगतो, पेटी लावणार असाल तर ब्रोमॅडिओलोनसारखं रक्त पातळ करणारं उंदीर मारायचं औषध शेतात टाकू नका. उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरतो आणि तोच घुबडाला सोपा सापडतो, औषध उंदराच्या अंगात असतंच, ते पिल्लांपर्यंत जातं. एकीकडं पेटी आणि दुसरीकडं हे औषध, असं चालणार नाही. शेजारच्या दोघांशी बोलणं झालंय, आबांनी घातला शब्द म्हणून ऐकलं.

दिवसपाळीचं थोडक्यात. हरभऱ्यातल्या बुटक्या थांब्यांवर कोतवाल आणि खाटीक भरपूर, वेडे राघू पण, कोतवाल तर घाटेअळी उचलून तिथंच काठीवर आपटून खातो ते दुर्बिणीशिवाय दिसतं. ज्वारीत मात्र दाणा भरायला लागला की थांबे काढून घ्या, नाहीतर दाणे खाणाऱ्यांची सोय होते. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची जुनी घरटी अजून लोंबतायत. त्यातली कितीतरी अर्धवट, टोपीसारखी, त्याचं कारण नर अर्धंच विणून थांबतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तरच पुढची नळी विणतो. वाऱ्यानं खाली पडलेलं एक फाडून बघितलं, आत भिंतीला ओल्या मातीचे गोळे थापलेले होते, आता वाळून टणक झालेत.

आणि टिटवी. काढणी झालेल्या पट्टीत नांगरट ठरलेली होती, ट्रॅक्टर बांधावर आला आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली. आबा म्हणाले थांब, हिचं इथंच आहे काहीतरी. सगळ्यांनी लांब उभं राहून तिला परत बसू दिलं, ती चालत चालत येऊन एका जागी टेकली, तिथं ढेकळांत चार अंडी, टोकं आतल्या बाजूला, मातीचाच रंग. बाजूला खडे आणि शेळीच्या लेंड्या, एवढंच घरटं. काठ्या रोवल्या पण चांगल्या आठ-दहा हात लांब, अगदी जवळ खूण केली की कावळ्याकुत्र्याला पत्ता मिळतो. ट्रॅक्टरवाल्याला वळसा घालायला सांगितलं, पट्टीच्या मधे हिरवट बेटासारखा तुकडा राहिलाय. उबवायला २८ ते ३० दिवस लागतात, नर-मादी आळीपाळीनं बसतात. भर दुपारी ती हौदाखालच्या चिखलात जाऊन पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते, हे सौ.नं सगळ्यात आधी बघितलं आणि वहीत तीन वेळा अधोरेखित करून ठेवलंय. मग हौदाची गळती मी मुद्दाम आहे तशीच ठेवलीय, पिल्लं निघेपर्यंत.

पुढचं काम असं. दुसरी पेटी करायची आहे, ती उघड्यावर खांबावर, मळ्याच्या दुसऱ्या टोकाला जिथं शेड नाही. सुतारकाम पोरगी करणार म्हणतेय, करवत चालवायला शिकलीय. मांजर आणि साप चढू नयेत म्हणून खांबाला पत्र्याचा गुळगुळीत पट्टा मारायचा विचार आहे, पण तो किती उंच आणि किती रुंद मारलात ते ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. उघड्यावरच्या पेटीला उन्हासाठी दुहेरी छप्पर केलं का कोणी? आणि फोटो मागितलेत काही जणांनी, पिसाचा आणि जबड्यांच्या पुठ्ठ्याचा टाकतो, पेटीच्या जागेचा नाही टाकणार आणि तुम्हीही घरट्याचं लोकेशन कुठं टाकू नका. पिल्लं तोंडाशी दिसायला लागली की पुढचा अपडेट. अंडी एकेक दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घातलेली असतात आणि पहिल्यापासूनच उबवायला बसतात, त्यामुळं पिल्लं लहानमोठी असणार, किती आहेत ते तेव्हाच कळेल.