बाबांचा कॉम्प्युटर

बाबांचा डेस्कटॉप सुरू होईपर्यंत त्यांचा चहा पिऊन व्हायचा. रविवारी तो उघडलाच. आधी फोटोंचा बॅकअप घेतला, आईचे सगळे फोटो त्यातच होते.

प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची अक्षरशः गादी बसली होती. हवाच जात नव्हती, आणि तापला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. प्लग काढून, पातं बोटाने धरून मऊ ब्रशने हळूहळू झाडलं. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपचे, म्हणजे कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणारे, नको ते प्रोग्राम बंद केले. टेम्प म्हणजे तात्पुरत्या फाइल्स उडवल्या.

खरा फरक मात्र जुन्या हार्ड डिस्कच्या जागी 256 जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवल्यावर पडला. तिला डीफ्रॅग, म्हणजे फाइल्सचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं, लागत नाही, हे बाबांना बजावून ठेवलंय. आता चहा स्क्रीनसमोरच होतो.