लाँचचा एक्झॉस्ट फिरवला, पण एल्बोनं घाम काढला

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर, बामणोलीला आमची फायबरची लाँच आहे. इंजिन मधोमध आणि धुराचा पाइप मागच्या सीटखालच्या डिकीतून सरळ मागे. ग्लासवूल गुंडाळूनही डिकी भट्टीसारखी तापायची. कोरड्या एक्झॉस्टचा धूर फुल लोडला चार-पाचशे डिग्रीपर्यंत जातो, तिथं लाइफ जॅकेटं कोण ठेवणार? ती कायम पॅसेंजरच्या पायात. म्हणून ओला एक्झॉस्ट करायचं ठरवलं. इंजिन थंड करून बाहेर पडणारं शिवसागरचं पाणी धुरातच सोडायचं. धूर निवला की लोखंडी पाइपाची गरज उरत नाही, रबरी होज लागतो आणि तो कडेकडेनं हवा तसा नेता येतो.

पावसाळ्यात वासोटा किल्ला बंद, लाँच काठावर. जुना पाइप काढला, मागं नवीन भोक पाडलं, होज आणि वॉटरलॉक, म्हणजे होजमधलं पाणी परत इंजिनात जाऊ नये म्हणून ते साठवणारा डबा, मुंबईहून आला. ते काम पटापट झालं.

अडलं एल्बोपाशी, म्हणजे धुरात पाणी सोडायच्या वाकड्या पाइपापाशी. इंजिनमधून निघालेला पाइप आधी वर चढतो, मग खाली वळतो. पाणी सोडायची नळी त्या उताराच्या बाजूला, खाली तोंड करून लागते. नाहीतर पाणी उलटं इंजिनात. आमच्या इंजिनाच्या मापाचा एल्बो तयार मिळेना. साताऱ्यात एका वर्कशॉपवाल्याला कागदावर काढून दिला, जुना फ्लँज, म्हणजे पाइप इंजिनाला जोडायची चकती, मापाला दिला.

"झालंच म्हणून समजा मालक, सोमवारी या."

सोमवारी गेलो तर वेल्डर भाताच्या लावणीला गावी गेलेला. पुढच्या खेपेला एसएसचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, पाइप आला नव्हता. मग म्हणे साध्या लोखंडात करू, स्वस्तात बसेल. इथं अजिबात ऐकू नका. धरणाचं पाणी गोडं असलं तरी डिझेलच्या धुरातला गंधक आणि गरम पाणी मिळून आम्ल होतं, साधं लोखंड आतून खाल्लं जातं. ३१६ नंबरचं एसएसच घ्या.

एकदाचा एल्बो तयार झाला, तर नळी बरोब्बर चढाच्या बाजूला! "तिकडं वेल्डिंगला हात जात नव्हता, आणि इकडं दिसायला पण बरं वाटतंय." दिसायला! इंजिनाच्या खोक्यात बंद राहणारी वस्तू, ती कोण बघतंय? कागद समोर धरला तर म्हणतो, "तुम्ही कागद उलटा काढलाय." कागदावर इंजिन डावीकडं लिहिलेलं होतं, बाण होता, तरीसुद्धा. पुन्हा कापायचं म्हणजे पुन्हा वेल्डर, आणि वेल्डर आता गणपतीच्या मंडपात. तोवर कासची फुलं सुरू झाली. शनिवार-रविवारी त्या रस्त्यानं साताऱ्याला जाणं म्हणजे दिवस गेला. कामं मंगळवार-बुधवारी काढा.

शेवटी मी त्याच्या दुकानातच स्टूल टाकून बसलो. मग संध्याकाळपर्यंत झालं. जिथं करायला द्याल तिथं बसायची तयारी ठेवा, फोनवर काही होत नाही.

राहिलेलं सांगतो. वॉटरलॉक सगळ्यात खाली बसवा, आणि इंजिन बंद झाल्यावर होजमधलं परत येणारं पाणी त्यात मावायला हवं. इंजिन पटकन चालू होत नसेल तर स्टार्टर मारत बसू नका, आधी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. धुराचा जोर नसताना डबा भरतो आणि पाणी सिलेंडरपर्यंत चढतं. चालू झाल्यावर मागून धुराबरोबर पाणी पडतंय का ते रोज बघा. पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा पंखा, गेला की होज जळतोच. होजचा व्यास कुठंही कमी करू नका, काळा धूर सुरू होतो. आणि काम काढायच्या आधी जुन्या पाइपाचे फोटो काढा, लाँचच्या तपासणीच्या, म्हणजे सर्व्हेच्या वेळी मागितले जातात.

डिकीत आता सगळी जॅकेटं, दोर आणि टूलबॉक्स बसतात.

वर्कशॉपच्या बिलात शेवटची ओळ होती, 'अर्जंट काम, जादा'. ते पैसे मी दिले नाहीत.