बारका आणि बारीक

आमच्या फलटणकडे धाकट्या भावाला बारका भाऊ म्हणतात. त्यात काही वेगळं आहे हे लग्न होऊन नारायण पेठेत येईपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. "उद्या माझा बारका भाऊ येणारे," असं सासूबाईंना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दारात आमचं तालमीतलं धूड उभं. सासूबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि आत येऊन मला विचारलं, "हा बारका, तर मोठा केवढा असेल गं?" मोठा काडी आहे, हे त्यांना पटायला वेळ लागला.

पेठेत हिशेब चोख. वयाने धाकटा, आकाराने लहान, अंगाने बारीक. आमच्याकडे पोरगं बारकं, पातेलं बारकं, वांगंही बारकंच. मंडईत मात्र माझाच शब्द चालतो. "ताई, भरायला बारकी बारकी बघून घातलीत," असं भाजीवाल्या मावशी म्हणाल्या की मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

बारीक हा मूळचा फारसी शब्द, तिकडेही अर्थ पातळ, नाजूक असाच. आपण त्याला चुलीपाशी आणून पार घरचा केला. गॅस बारीक कर, शिऱ्याला बारीक रवा घे, टीव्हीचा आवाज बारीक कर. ताप अंगात बारीक असतो आणि शेजारचं लक्षही बारीकच असतं (पेठेत जरा जास्तच). सासूबाईंचा कोशिंबिरीचा कांदा म्हणजे आधी उभे-आडवे छेद, मग विळीवर सरसर, तुकडा तुरीच्या डाळीएवढा. मी चिरलेला बघून म्हणाल्या, "हा बारीक नाही, हा तुमचा बारका."

एकच बारक्या मला खटकतो, चहाच्या टपरीवरचा. नाव विचारायचा कंटाळा, म्हणून हाक 'ए बारक्या'. मिशी फुटली, लग्न झालं तरी सुटका नाही. आमच्या ऑफिसखाली असाच एक आहे, चांगला तिशीचा. मी त्याचं खरं नाव विचारून घेतलं. आता त्या नावाने हाक मारते, तर तो मागे वळून बघतो, कोणाला बोलावतायत म्हणून.