यकृताचा आजार, कॉफी आणि तो छापील तक्ता

लिव्हरच्या पेशंटला कॉफी चालते का, याचं उत्तर डॉक्टरांनी मला एका वाक्यात दिलं होतं. ते वाक्य कागदावर उतरवून घ्यायला जे हेलपाटे पडले, त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही. जाणारही नाही, कारण त्या रुग्णालयात कॉफी बंद सांगणारा छापील आहाराचा तक्ता आजही रोज वाटला जातोय.

माझं वय 54, मधुमेह आहे, दारूचा थेंब कधी घेतलेला नाही. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. वय आणि रक्ततपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट यांवरून डॉक्टरांनी फिब-4 काढला, म्हणजे यकृत कडक झालंय का याचा अंदाज देणारा आकडा, तो 1.89 आला. 1.3 च्या आत असता तर तिथेच थांबलो असतो. मध्ये अडकला म्हणून यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन केला, त्यात 9.6 किलोपास्कल. सिरॉसिस, म्हणजे यकृत पार निबर होणं, नाही, पण यकृत कडक व्हायला लागल्याची शंका घेण्याइतका आकडा. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वजन 7 ते 10 टक्के उतरवा, साखर तोडा, रोज चाला. आणि कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची, दिवसाला दोन-तीन कप खुशाल घ्या." मला कॉफी जिवापाड आवडते. इतक्या वाईट बातमीत तेवढंच एक बरं ऐकलं होतं.

बाहेर आले तर काउंटरवर केसपेपरला आहाराचा तक्ता टाचून मिळाला. वर ठळक अक्षरांत 'यकृत रुग्णांसाठी'. खाली लिहिलेलं: चहा-कॉफी पूर्ण बंद. उसाचा रस, ग्लुकोजचं पाणी, मनुका भरपूर. तेल-तूप वर्ज्य. हा काविळीचा जुना तक्ता होता आणि तोच सगळ्यांना देत होते. मधुमेह असलेल्या, यकृतात चरबी साठलेल्या बाईला उसाचा रस! एका मोठ्या पेल्यात सहा चमच्यांच्या वर साखर जाते, आणि जादा साखरेची चरबी करणारा अवयव यकृतच.

घरी तोंडी सल्ल्यापेक्षा छापील कागद वरचढ ठरला. आमचे हे म्हणाले, "अगं, दवाखान्याचा शिक्का आहे त्यावर. डॉक्टर घाईत काहीतरी बोलले असतील." नणंदबाईंनी फोनवर सांगितलं, कॉफी उष्ण, लिव्हर आधीच तापलेलं. दोघांचाही जीव माझ्यासाठी तुटत होता, म्हणून वाद घालवेना. ठरवलं, कागदच बदलून आणायचा.

आहारतज्ज्ञांच्या खोलीतली मुलगी गोड होती. "काकू, तक्ता वरून छापून येतो, मी त्यावर खाडाखोड नाही करू शकत. डॉक्टरांनी लिहून दिलं तर करते." डॉक्टरांच्या ओपीडीबाहेरचे भाऊ म्हणाले, "आहाराचं इकडे नाही, खाली विचारा." खाली गेले, तर वरून सही आणा. डॉक्टरांना भेटायचं तर नवा केसपेपर, नवा नंबर, आणि त्यांची ओपीडी आठवड्यातून ठरावीक वारीच. एकदा नंबर आला तेव्हा डॉक्टर वॉर्डात गेलेले. एकदा खिडकी बंद व्हायला दोन मिनिटं होती तरी केसपेपर फाडला नाही. त्या बाकावर शेजारी एक शेतकरी दादा बसले होते. त्यांनाही फॅटी लिव्हर, त्यांनाही तोच तक्ता, आणि ते रोज सकाळी मनापासून उसाचा रस पीत होते. शुगर का वाढतेय हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. त्या क्षणापासून हा प्रश्न माझ्या कॉफीपुरता राहिला नाही.

शेवटी डॉक्टर भेटले. त्यांनी तक्ता पाहिला, कपाळाला हात लावला आणि केसपेपरवर लिहिलं: 'साखर, उसाचा रस, ग्लुकोज बंद. बिनसाखर कॉफी चालेल.' खाली सही. तेवढं लिहायला अर्धा मिनिट लागला. म्हणून कळकळीने सांगते, डॉक्टर आहाराचं जे बोलतील ते खोलीतून उठायच्या आधी लिहून घ्या. मागायला संकोच करू नका.

घरच्यांना पटवायला मी थोडं वाचून ठेवलं होतं, तेही सांगते. ब्रिटनमधल्या जवळपास पाच लाख लोकांच्या माहितीवरचा अभ्यास 2021 साली आला. कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृताच्या दीर्घ आजाराचं प्रमाण 21 टक्क्यांनी आणि त्या आजाराने होणारे मृत्यू 49 टक्क्यांनी कमी दिसले. इन्स्टंट आणि कॅफिन काढलेल्या कॉफीतही फायदा दिसला, दळलेल्या कॉफीत जास्त. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने 2018 च्या यकृत-कर्करोगावरच्या मार्गदर्शिकेत तर दीर्घ यकृतविकाराच्या रुग्णांना कॉफीसाठी प्रोत्साहन द्यावं असंच म्हटलंय. हे पुरावे लोकांच्या सवयी पाहून काढलेले आहेत, औषधासारखी चाचणी घेऊन नव्हे. त्यामुळे कॉफी पितो म्हणून दारू चालेल किंवा वजन राहू दे, असा अर्थ कोणी कृपा करून काढू नये.

सिरॉसिस असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच कप ठरवावेत. कॅफिनचा निचरा यकृतच करतं, ते थकलेलं असलं की कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं आणि झोप उडते. मी स्वतः दुपारी चारनंतर घेत नाही. आपल्याकडची साय, जायफळ आणि दोन चमचे साखर घातलेली कॉफी यात धरू नका. पाकिटावरही नजर टाका, बऱ्याच ब्रँडमध्ये चिकोरी मिसळलेली असते आणि किती टक्के ते छापलेलं असतं.

फायब्रोस्कॅनचं राहिलंच. आधी किमान तीन तास पोटात काही नको, दुधाची कॉफीसुद्धा नाही, नाहीतर आकडा उगाच वाढून येतो. मला हे स्कॅनच्या दारात कळलं असतं तर तो दिवसही फुकट गेला असता, पण आदल्या रात्री लेकीने फोन करून विचारून घेतलं.

फॅटी लिव्हरसाठी वेगळा तक्ता छापावा, असा अर्ज मी रुग्णालयाच्या कार्यालयात दिलाय. आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतलाय, सोबत दोन्ही कागदांच्या झेरॉक्स जोडल्यात. उत्तर आलेलं नाही. पुढच्या तपासणीला जाईन तेव्हा त्या कार्यालयात आधी जाणार आहे.