जनुकीय चाचणीचा अहवाल आला

आज परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जनुकीय चाचणीचा अहवाल मिळाला. माझा फुप्फुसाचा कर्करोग मणक्यापर्यंत पोहोचल्याचे, म्हणजेच तो चौथ्या टप्प्यात असल्याचे, पेट स्कॅनमधून आधीच कळले होते. मात्र पेशींमध्ये ईजीएफआर या जनुकातील बदल आढळल्यामुळे सध्या सलाइनमधून केमोथेरपी न देता रोज एक गोळी सुरू करायची आहे. आजार पूर्ण बरा होणार नाही, आटोक्यात ठेवता येईल, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मी कधी सिगारेट ओढली नाही, पण हा बदल धूम्रपान न करणाऱ्यांमध्येच अधिक आढळतो.

उपशामक उपचार, म्हणजे आजाराचा त्रास हलका करणारे उपचार, देणाऱ्या विभागाची चिठ्ठी पाहून ह्यांचा चेहरा उतरला आणि हातातली फाइल ते उगाचच उघडत-मिटत राहिले. ‘आता काहीच उरले नाही’ असाच तिचा अर्थ घरोघरी घेतला जातो, आणि याचे मला फार वाईट वाटते. तिथे वेदना, धाप, झोप आणि मनातली भीती यांची शांतपणे विचारपूस झाली. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांना हे उपचार सुरुवातीपासून दिल्यास त्यांचे जगणे सुसह्य होते आणि आयुष्यही काहीसे वाढते, असे बोस्टनमधील अभ्यासात २०१० सालीच दिसून आले होते.

आप्तेष्टांना विनंती, की काढे आणि जडीबुटी पाठवू नका, कारण या गोळीबरोबर त्यांचा अपाय होऊ शकतो. भेटायला मात्र जरूर या आणि सासूबाईंजवळ थोडा वेळ बसा. त्यांचे जेवणावरून लक्षच उडाले आहे.