चित्रं उतरवली, पण आदेश फक्त तोंडी

जानेवारी २०२५, आमच्या डिपार्टमेंटचं वार्षिक प्रदर्शन. मी एमएफए (कलेतलं पदव्युत्तर शिक्षण) पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला, एका सरकारी विद्यापीठात, नाव लिहीत नाही. चारकोलमधले पाच मोठे न्यूड, म्हणजे नग्न मानवाकृतींची चित्रं, लावले होते. मॉडेल म्हणून बसणाऱ्या मावशी आमच्याकडे कितीतरी वर्षं येतायत, आता साठी ओलांडली त्यांनी, पोटावर बाळंतपणाचे वळ, टाचांना भेगा, गुडघे काळे पडलेले, आणि मला नेमकं तेच काढायचं होतं, राबलेलं शरीर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर भिंतीवर नुसते खिळे. चित्रं स्टोअरमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, एकाला फिक्सेटिव्ह (चारकोल पुसू नये म्हणून मारतात तो थर) नीट बसलं नव्हतं तर उचलताना खांद्यावरचा चारकोल पार पुसला गेलेला. सरांना विचारलं तर म्हणाले, वरून फोन आला होता, कुणाची तरी तक्रार आहे, तू आत्ता ताणू नकोस, ज्युरी, म्हणजे कामाची परीक्षा, तोंडावर आलीय.

घाबरले मी, खोटं कशाला बोलू. बडोद्याचं प्रकरण आमच्याकडे प्रत्येक बॅचला माहीत असतं. २००७ मध्ये सयाजीराव विद्यापीठात परीक्षेसाठी मांडलेल्या कामावरून चंद्रमोहन या विद्यार्थ्याला अटक झाली आणि त्याच्या बाजूने उभे राहिलेले प्रभारी डीन शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. म्हणजे विद्यार्थी पण अडकला आणि त्याला सांभाळणारा पण. त्यामुळे सरांचा राग नाही आला, पण गप्प बसणं काही जमेना. लाइफ स्टडी, म्हणजे मॉडेल समोर बसवून चित्र काढणं, आमच्या अभ्यासक्रमात आहे, त्याला मार्क आहेत, मग तेच चित्र वर्गातून गॅलरीत आणलं की अश्लील कसं होतं?

आधी विभागाला साधा अर्ज दिला, चित्रं उतरवण्याचा लेखी आदेश द्या म्हणून. आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच घेतली, हे फार महत्त्वाचं, पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं होतं. पंधरा दिवस काहीच नाही. मग माहिती अधिकार. त्याचा ठरलेला अर्ज म्हणजे जोडपत्र अ, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. माझा पहिला मसुदा "चित्रं का उतरवली" असा होता, तो एका सीनियरने फाडायला लावला. का, कशासाठी असं विचारलं की उत्तर टाळायला वाव मिळतो, कागद मागायचा. म्हणून तक्रारीची प्रत, आदेशाची प्रत, आदेश देणाऱ्याचं पद आणि ज्या नियमाखाली उतरवली त्याची प्रत, एवढंच मागितलं. ३० दिवस गेले, उत्तर नाही. २० रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील केलं, तेव्हा कुठे एप्रिलमध्ये एक ओळ आली, की या विषयाबाबत कोणतीही लेखी तक्रार वा आदेश अभिलेखात उपलब्ध नाही.

ती ओळ वाचून मी जिन्यातच बसले. चार महिने माझी चित्रं अंधारात होती आणि त्यामागे एक चिटोरा पण नव्हता!

तोपर्यंत ज्युरी होऊन गेली होती. तेच उत्तर जोडून कुलगुरूंना अर्ज केला, जूनमध्ये बैठकीला बोलावलं. मी दोन गोष्टी नेल्या होत्या. एक म्हणजे घटनेचं कलम १९, अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं, कारण सरकारी विद्यापीठाला ते लागू होतं आणि १९(२) मध्ये बंधनांची कारणं मोजून दिलीयत, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वगैरे, त्यात "भावना दुखावल्या" हे कारण कुठेच नाही. दुसरं, मुंबई हायकोर्टाचा ऑक्टोबर २०२४ चा निकाल. कस्टम्सने चित्रकार एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांच्या सात कलाकृती अश्लील म्हणून अडकवल्या होत्या, कोर्टाने तो आदेश रद्द केला, नग्न चित्र म्हणजे अश्लील चित्र असं होत नाही म्हणून. गोव्यातल्या साळगावच्या सूझाची चित्रं मुंबईत सुटतात, आणि मी विद्यापीठात अडकलेय, असं म्हणताना आवाज कापत होता माझा.

एका मॅडमनी सुचवलं की खालच्या भागावर कापड लावू. नाही म्हटलं. दारावर "आत नग्न मानवाकृतींची चित्रं आहेत" असा बोर्ड लावायला मात्र मी तयार झाले, बघायचं की नाही ते बघणाऱ्याने ठरवावं, ते मला पटतं. जुलैमध्ये तीन दिवस मिळाले, लेखी परवानगीसकट.

मधल्या काळात मावशींनी मला एकदाच विचारलं होतं, माझं अंग वाईट दिसतं म्हणून उतरवली का गं चित्रं? तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. जुलैत त्या पहिल्यांदाच गॅलरीत आल्या, इस्त्रीची साडी नेसून, नातीला घेऊन. पुसलेला खांदा मी परत काढला नव्हता, तसाच ठेवला होता. त्या त्याच चित्रापाशी बराच वेळ थांबल्या, मग खाली वाकून बघत नातीला म्हणाल्या, "टाचा बघ, अगदी माझ्याच."