कढई मावते का?

फ्रिज लिटरवर मोजतात, वॉशिंग मशीन किलोवर, एसी टनावर. (टन म्हणजे नेमकं काय हे विचारलं तर कुणाला धड सांगता येत नाही, पण ‘दीड टनाचा’ म्हटलं की सगळे माना डोलावतात.) डिशवॉशर मात्र माणसांवर मोजतात. बारा, तेरा, चौदा, सोळा. त्याला ‘प्लेस सेटिंग’ म्हणतात. दुकानातला मुलगा समजावून सांगतो, “सर, तेरा प्लेस सेटिंग, म्हणजे तेरा जणांची भांडी आरामात.” आपण मनात हिशोब करतो. घरात माणसं चार, पाहुणे धरून सहा. मग हे तेरा जण कोण?

तर हे तेरा जण युरोपातले. त्यांच्यातल्या प्रत्येकाला एक मोठी सपाट बशी, एक सूपची खोलगट, एक गोडाची छोटी, शिवाय कपबशी, ग्लास, सुरी, काटा आणि तीन आकारांचे चमचे लागतात. हे सगळं मिळून एक प्लेस सेटिंग. मंडळी शिस्तीत जेवतात आणि उठतात. त्यांचा स्वयंपाक कशात झाला, याची त्या आकड्याला फारशी फिकीर नसते.

आमच्याकडे मात्र भांडी जेवणाऱ्यांची कमी आणि स्वयंपाकाची जास्त. वरणभात, एक भाजी, पोळ्या आणि काकडीची कोशिंबीर, एवढंच केलं तरी मोरीत काय काय येऊन पडतं पाहा. कुकर, त्याच्या आतली दोन भांडी, झाकण, कढई, झारा, परात, तवा, उलथणं, फोडणीची पळी, दुधाचं पातेलं, सायीचं भांडं, चहाचं पातेलं, गाळणं, खिसणी. ताटं-वाट्या हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. तेरा युरोपियनांची सोय करणारं यंत्र आमच्या चौघांच्या एका रात्रीत भरून जाणार, हे दुकानातून परत येताना रिक्षातच माझ्या लक्षात आलं.

घरात हा विषय निघाला तो मावशींमुळे. त्या दोन्ही वेळा भांडी घासायला यायच्या, पण गुडघे बोलायला लागल्यावर म्हणाल्या, “सकाळचं करीन दादा, रात्रीचं आता होत नाही.” यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पुण्यात घरकामाला जाणाऱ्या बायकांनी १९८० साली संप केला होता. त्या दिवसांचा विषय निघाला की आई अजून म्हणते, “सगळ्या वाड्याला तेव्हा कळलं, भांडी आपोआप घासली जात नाहीत ते.” आमच्या घरी ते कळण्याची पाळी माझ्यावर आली. रात्रीची भांडी माझ्या वाट्याला आली आणि महिन्याभरात मी डिशवॉशरच्या किमती पाहू लागलो.

मावशींना मशीनचं सांगितलं तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले. “त्यात भांडी लावायची कोणी?” आपणच. “आणि काढून मांडणीत ठेवायची?” आपणच. “मग राहिलं काय?” असं म्हणून त्या कुकर घासायला वळल्या.

सल्ल्यांना तोटा नव्हता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कामाच्या बायकांचं येणं बंद झालं आणि तोवर या यंत्राकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या घरांनी धडाधड मशीन घेतली. त्यामुळे आता प्रत्येकाच्या नातेवाइकांत एक तरी तज्ज्ञ असतो. नाशिकची वहिनी म्हणाली, चौदाच्या खाली घेऊच नका. एक मित्र म्हणाला, आवाज बघ, पन्नास डेसिबलच्या खाली हवा. (आमच्या मिक्सरच्या आवाजात वाढलेल्या माणसाला हा निकष फार हळवा वाटतो.) न्यू जर्सीची मावसबहीण तर हसायलाच लागली. “अरे, इथे भाड्याच्या घरातसुद्धा असतो!” मी म्हटलं, दाखव तुझा. तिने व्हिडिओ कॉलवर दार उघडलं. आत हाताने धुतलेली स्टीलची पातेली निथळत उपडी ठेवलेली होती. “रोजची हातानेच उरकतो. पाहुणे आले की लावतो,” ती म्हणाली. महाराष्ट्रातून गेलेल्या कितीतरी घरांत हे महागडं यंत्र म्हणजे दार असलेली रोवळी आहे.

आईची हरकत वेगळीच होती. डिशवॉशर रोज अर्धा भरून चालवायचा नसतो, दिवसभर भांडी आत रचत जायचं आणि रात्री एकदा लावायचं, हे तिने ऐकून घेतलं. भांडी आधी धुवायची नाहीत, फक्त खरकटं काढून टाकायचं, हेही ऐकलं. त्यामागचं कारणही मी सांगितलं. या साबणात पिष्ट आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, त्यांना काम करायला थोडा चिकटा लागतोच. आई म्हणाली, “म्हणजे सकाळची उष्टी भांडी रात्रीपर्यंत घरात.” मी म्हटलं, “अगं, दार बंद असतं. दिसत नाहीत.” “तुला दिसत नाहीत. लक्ष्मीला दिसतात.”

यावर कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तर नाही. शेवटी रोज रात्री मशीन लावूनच झोपायचं, भरलेलं असो वा नसो, या अटीवर लक्ष्मीचा प्रश्न मिटला. वीज थोडी जास्त जाईल, जाऊ दे.

विजेचीही एक गंमत आहे. ‘इको’ नावाचा प्रोग्राम सगळ्यात काटकसरी, आणि तोच सगळ्यात लांबलचक, तीन-साडेतीन तास चालणारा. लोकांना वाटतं जास्त वेळ म्हणजे जास्त बिल. पण यात वीज खाते ती मुख्यतः पाणी तापवण्यात. इको पन्नासेक अंशांवर भागवतो आणि उरलेलं काम भिजवण्यावर सोडतो. जळकं पातेलं पाणी घालून ठेवून देणारी प्रत्येक गृहिणी हेच करत आली आहे. उलट खास आपल्या देशासाठी दिलेला ‘कढई’ प्रोग्राम सत्तरच्या आसपास पाणी तापवतो, कारण थिजलेल्या तेलतुपाशी बाकी कशाचं चालत नाही.

पाण्यावर मात्र माझी आणि आईची बरोबरी झाली. मशीन एका वेळी नऊ-दहा-बारा लिटरमध्ये सगळं उरकतं. नळ सोडून विसळणाऱ्याच्या हातून दोन मिनिटांत एवढं पाणी जातं. पण आई नळ सोडतच नाही. एका टबात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, आणि शेवटी एकेका भांड्यावर तांब्याने धार. तिच्यापुढे कुठलंही मशीन फार तर अनिर्णित सामना खेळेल. माझ्यापुढे जिंकेल.

पाणी किती यापेक्षा कसलं हा प्रश्न मोठा निघाला. खडकवासल्याचं पाणी मऊ, त्याचा त्रास नाही. पण मे महिन्यात सोसायटीत टँकर येतात आणि बोअर सुरू होते. त्या पाण्यातल्या क्षारांमुळे काचेच्या ग्लासांवर धुरकट पांढरा थर चढतो. म्हणून मशीनच्या तळाशी मिठाचा एक डबा असतो. आतल्या राळेचे बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात, आणि ते मणी भरले की मिठाचं पाणी त्यांना धुऊन पुन्हा कामाला लावतं. आईने लगेच विचारलं, “जाडं मीठ चालेल का?” नाही. त्याचं वेगळं शुद्ध मीठ येतं, आणि ते आपल्या मिठाच्या कितीतरी पट महाग. “मीठसुद्धा वेगळं!” एवढंच ती म्हणाली, पण सासुरवाशिणीचे नखरे मोजावेत अशा सुरात.

मग एका संध्याकाळी आई माझ्याबरोबर दुकानात आली. येताना हातात कापडी पिशवी. मला वाटलं, जाता जाता मंडईत जायचं असेल. दुकानात बॉश, एलजी, आयएफबी अशी मशीनं ओळीने दारं उघडून उभी होती. मुलाने उत्साहाने सुरुवात केली, “काकू, याच्यात वायफाय आहे, ऑफिसमधून चालू करता येतं.” आई म्हणाली, “बरं. हे मावतं का बघ.” आणि पिशवीतून तिने कढई काढली. मागोमाग परात. मागोमाग लांब दांड्याचा झारा.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यभर विसरणार नाही. वायफायवाल्या मशीनच्या खालच्या रॅकमध्ये बशा उभ्या राहाव्यात म्हणून तारेचे दात होते, आणि ते दुमडत नव्हते. कढई त्यांच्यावर तिरकी डुगडुगत राहिली. शेजारच्यात कढई बसली, पण वरच्या फिरत्या फवाऱ्याच्या वाटेत तिचा कान आला. आईने तो फवारा स्वतः बोटाने फिरवला. टक्, कानावर आदळून तो थांबला. “हे असं झालं तर वरच्या भांड्यांना पाणी कसं मिळायचं?” मुलगा म्हणाला, “काकू, वरचा रॅक उचलता येतो.” उचलला. आता कढई सुटली, पण सगळ्यात वर चमच्यांसाठी जो तिसरा चपटा ट्रे होता, त्याने जागा खाल्ली आणि वरच्या रॅकमध्ये उभे पेले मावेनात. परात फक्त एकाच मशीनमध्ये उभी राहिली, तीही मागच्या कडेला. झारा कुठेच उभा राहिला नाही, आडवा ठेवावा लागला. दुकानातले दोन गिऱ्हाईक आपली चौकशी सोडून आमच्याभोवती जमले. त्यातल्या एक बाई हळूच म्हणाल्या, “इडलीपात्र आणलंय का?”

यंत्राचा शोध लावणारीनेही नेमकं हेच केलं होतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल गावच्या जोसेफीन कॉक्रन या सधन बाई. नोकर घासताना चिनी मातीच्या किमती बशांचे टवके उडवतात, म्हणून वैतागलेल्या. पुढे नवरा वारला, मागे कर्ज राहिलं, आणि वैतागाचा उद्योग झाला. त्यांनी आधी आपल्या बशा, कप, वाडगे यांची मापं घेतली, त्या मापाचे तारेचे कप्पे वळवले, आणि मग ते कप्पे पाण्याच्या माऱ्यात धरणारं यंत्र उभं केलं. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचं पेटंट मिळालं. (त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या होत्या.) १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात ते यंत्र गाजलं, पण पहिली गिऱ्हाइकं मुख्यतः हॉटेलं. म्हणजे भांडी आधी, यंत्र नंतर. कापडी पिशवी घेऊन आलेली माझी आई या बाबतीत मूळ परंपरेला धरूनच होती.

घरी आल्यावर ओट्यावर वेगळी वाटणी सुरू झाली. स्टील आणि काच आत. ॲल्युमिनियमचा कुकर बाहेर, कारण या साबणाच्या क्षाराने ते काळं पडतं. बिडाचा तवा बाहेर, त्याचं मुरलेलं तेल निघून गंज चढेल. पोळपाट-लाटणं बाहेर, लाकूड तडकेल. देवाची पितळी भांडी आणि कल्हईचं पातेलं यांचं नावच काढायचं नाही. प्लास्टिकचे डबे आत चालतात, पण हळदीचा पिवळेपणा त्यांना चिकटून राहतो, त्यावर उन्हासारखं औषध नाही. पाहता पाहता ‘बाहेर’चा ढीग बराच मोठा झाला. रात्री हे घासायला उरणारच. कुकर स्टीलचा घ्यावा का, यावर बायकोने आणि आईने जेवताना चर्चा केली आणि डिशवॉशरच्या खरेदीत एक कुकर वाढला.

शेवटी घेतला तो तेराचा. तिसरा ट्रे नसलेला, चमच्यांना साधी टोपली, खालचे दात आडवे होणारे, भांडी भरलेली असतानाही वरचा रॅक उचलता येणारा. वायफाय नाही. पाण्याच्या दाबाची चिंता होती, कारण आम्ही वरच्या मजल्यांवर, गच्चीवरची टाकी नळापासून जेमतेम सहा-सात मीटर उंच. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, या मशीनला अर्धा पुरतो. काठावर पास. सिंकखाली वेगळा नळ आणि सोळा अँपिअरचा सॉकेट करून घ्यायचा आहे, प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणतोय.

पैसे भरताना काउंटरवरच्या माणसाने सवयीने विचारलं, “एक्सचेंज ऑफर चालू आहे. भांडी घासायचं जुनं मशीन आहे का घरी?”

आईने माझ्याकडे बोट दाखवलं.